फ्रिजच्या दारातलं गुपित

आमच्या फ्रिजच्या दारातला वरून दुसरा कप्पा आईचा. तिथे तिच्या इन्सुलिनची कार्ट्रिजेस असतात. बारा वर्षं झाली, त्या कप्प्याला घरात कुणी हात लावत नाही. पण जुलै २०२५पासून त्याच्याच खालच्या कप्प्यात, सॉसच्या बाटलीमागे, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात मी माझं एक गुपित ठेवायला लागले. काचेच्या चार चिमुकल्या बाटल्या. आठवड्याला एक.

वजन कमी करण्याचं इंजेक्शन.

हो, तेच ते! टर्झेपॅटाइड. मार्च २०२५मध्ये ते भारतात आलं, जूनमध्ये सेमाग्लुटाइडचं वजनासाठीचं इंजेक्शन आलं, आणि आमच्या हिंजवडीच्या कॅफेटेरियात डाएटच्या गप्पा एकदम बंदच पडल्या. कोण काय घेतंय हे कुणी सांगेना, पण सगळ्यांना सगळ्यांचा संशय.

माझं म्हणाल तर उंची पाच फूट तीन इंच, वय तेहतीस आणि वजन अठ्ठ्याऐंशी किलो. जीएम डाएट करून झालं, कीटो झालं, जिमची वार्षिक फी तीनदा भरून झाली. (तीन वर्षांतल्या हजेरीचे दिवस मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरतील.) पीसीओडी कॉलेजपासून सोबतीला. शेवटी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये फॅटी लिव्हर निघालं, एचबीएवनसी ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाच्या उंबऱ्यावर. आई उंबऱ्याच्या आत होतीच. बाबा २०१४मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, एका सकाळी छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच गेले. आता रांगेत माझा नंबर होता.

‘आपल्याकडे सगळेच थोडे गुबगुबीत असतात’ हे आपलं आवडतं समर्थन. पण ते अर्धसत्य आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. शेजारी शेजारी उभे दोन डॉक्टर. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या आत चरबी लपलेली असते, ती अशी. म्हणूनच आपल्यासाठी लठ्ठपणाची रेघ तिसाऐवजी पंचविसावर धरतात. माझा बीएमआय चौतीसच्या पुढे. म्हणजे लपण्याचा प्रश्नच नव्हता.

डॉक्टरांनी इंजेक्शन लगेच लिहून दिलं असेल असं वाटतं ना? तसं झालं नाही. आधी पाऊण तास प्रश्न. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर? स्वादुपिंडाला कधी सूज? मूल होऊ द्यायचा विचार? आणि मग, “झोप कशी लागते? मन कसं असतं?”

“मन ठीक,” मी म्हणाले. फॉर्मवर टिक करावी तसं.

काम साधं आहे. आपण जेवलो की आतडं काही हार्मोन्स सोडतं. ती मेंदूला सांगतात, ‘पुरे आता’. हे औषध त्यातल्या दोन हार्मोन्सची नक्कल करतं. पोट सावकाश रिकामं होतं आणि ‘पुरे’चा निरोप लवकर पोचतो. सुरुवात अडीच मिलिग्रॅमने, चार आठवड्यांनी पाच. बाजारात आलं तेव्हा अडीचची बाटली साडेतीन हजारांना होती आणि पाचची ४,३७५ला. महिन्याचे साडेसतरा हजार! माझ्या गाडीच्या हप्त्यापेक्षा जास्त. आईला सांगितलं असतं तर तिने आधी किंमत विचारली असती आणि मग देवासमोर दिवा लावला असता.

पण खरं सांगू? न सांगण्याचं कारण किंमत नव्हतं. लाज होती. आई रोज सुई टोचून घेते ती जगण्यासाठी. मी टोचून घेणार होते ते जास्त खाते म्हणून. असंच तेव्हा वाटायचं.

पहिल्या इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवशी एक गंमत झाली. माझ्या डोक्यात कायम एक कॅन्टीनवाला बसलेला असायचा. सकाळी नऊच्या मीटिंगमध्ये तो विचारायचा, ‘पोहे की उपमा?’ अकराला, ‘कॉफीबरोबर काय?’ घरी जाताना कॅबमध्ये, ‘तो वडापाववाला अजून उघडा असेल...’ त्या दिवशी संध्याकाळी लक्षात आलं की तो सकाळपासून बोललेलाच नाही. शटर ओढून गावाला गेलेला! मला रडूच आलं. म्हणजे जगातली बाकी माणसं अशी जगतात? एवढ्या शांततेत? मग माझ्यात इच्छाशक्ती नाही म्हणून इतकी वर्षं मी स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्यांचं काय?

अर्थात शांतता फुकट नव्हती. मळमळ, आंबट ढेकरा, बद्धकोष्ठता. एकदा क्लायंट कॉल चालू असताना कॅमेरा बंद करून पळावं लागलं. ऑगस्टअखेर गणपती आले. दरवर्षी मी अकरा मोदक खाते, हे आमच्या घरचं रेकॉर्ड. आईने पानात पाच वाढले, वर तुपाची धार. दीड खाल्ला आणि पुढे घास जाईना.

“बिघडलेत का?”
“नाही गं, छान झालेत.”
“मग?”
“ऑफिसमध्ये खाऊन आलेय.”

गणेश चतुर्थीच्या सुट्टीला ऑफिस! आई काही बोलली नाही. उरलेले मोदक तिने झाकून ठेवले. रात्री ओट्यापाशी ती नुसतीच उभी होती. आमच्या घरात प्रेम कुणी बोलून दाखवत नाही, पानात वाढतात. मी ते परत केलं होतं.

दसऱ्यापर्यंत सात किलो गेले. ऑफिसमध्ये कौतुकाचा पाऊस. “काय केलंस?” “रोज चालते.” “किती छान दिसतेस आता!” या ‘आता’वर मी रात्री फार विचार करायचे. आणि आनंद व्हायला हवा तेवढा होत नव्हता. उलट शनिवार संध्याकाळ आली की छातीत काहीतरी दाटून यायचं. कारण कळेना. आधी वाटलं औषधाचा परिणाम. ते वाटणं अगदीच अस्थानी नव्हतं. वजनाच्या औषधांचा इतिहास काही सोज्वळ नाही. रिमोनाबंट नावाचं औषध मानसिक दुष्परिणामांमुळे २००८मध्ये युरोपातून मागे घ्यावं लागलं. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे सिब्युट्रामिनवर भारतात २०११मध्ये बंदी आली. आताच्या औषधांचं म्हणाल तर, जीएलपी-१ गटातली औषधं आत्महत्येच्या विचारांना कारण ठरतात असं पुराव्यांवरून दिसत नाही, असं युरोपच्या औषध नियामकांनी २०२४मध्ये सांगितलं. तरी मूड बदलला तर डॉक्टरांना सांगायचंच, हा नियम.

मी सांगितलं. त्यांनी समुपदेशकाकडे पाठवलं. तिसऱ्या भेटीत तिने विचारलं, “शनिवारी संध्याकाळी पूर्वी काय करायचात?”

“काही नाही. कचोरी खायचे.”

आणि मग बांध फुटला. बाबा शनिवारी हाफ डे असल्यामुळे लवकर यायचे. हातात कचोऱ्यांचा पुडा, तेलाने कागद पारदर्शक झालेला. ते गेल्यावर मी तो पुडा आणत राहिले. अकरा वर्षं. एकाच्या चार झाल्या. बाबांची आठवण माझ्याकडे भूक बनून यायची आणि मी तिला खाऊ घालून परत पाठवायचे. आता भूक यायची बंद झाली. नुसती आठवण यायला लागली. तिला काय वाढायचं ते मला माहीत नव्हतं.

औषधाने दुःख दिलं नव्हतं. फक्त झाकण काढलं होतं. (तुमच्यापैकी कुणाला असं दाटून येत असेल तर एक नंबर सांगून ठेवते. १४४१६, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन. मराठीतही बोलता येतं.)

आणि मग नवरात्रातला तो दिवस. मी घरी आले तर आई डायनिंग टेबलाशी बसलेली. समोर श्रीखंडाचा डबा, उघडा.

“कधीपासून?” तिने विचारलं.

मी मनातल्या मनात भाषण जुळवायला लागले. लठ्ठपणा हा आजार आहे, इच्छाशक्तीचा प्रश्न नाही, वगैरे. तेवढ्यात ती म्हणाली, “तुलाही लागली ना साखर? म्हणून खात नाहीस. म्हणून वाळलीस, केस गळतात. माझ्याकडूनच आलं तुला हे.” आणि ती रडायला लागली. बाबा गेले त्या दिवशीही ती माझ्यासमोर रडली नव्हती.

मला लाज वाटत होती म्हणून मी लपवलं. आणि ती बिचारी तीन तास त्या बाटल्यांसमोर बसून स्वतःला दोष देत होती.

मी सगळं सांगितलं. रिपोर्ट, डॉक्टर, मोदक, कचोरी. किंमतसुद्धा. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “माझंही एक आहे.”

तिने पाऊल वर केलं. अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड, फुटलेला. चार दिवसांपूर्वी चतु:शृंगीला गेली होती. अनवाणी, उन्हात तापलेल्या फरशीवरून. तिला चटका कळलाच नव्हता. वर्षभर पाय बधिर होते. “कापसावर चालल्यासारखं वाटतं. चप्पल निसटून जाते, पत्ता लागत नाही. म्हटलं, तुझ्या मागे आधीच एवढं काम.”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. डॉक्टरांनी नायलॉनचा बारीक धागा तिच्या पावलाला टोचून विचारलं, “कळतंय?” दहातल्या सहा ठिकाणी आई म्हणाली, “नाही.” मी बाजूला बसून ते ‘नाही’ मोजत होते. मधुमेहात नसा अशा मुक्या होतात. जखम दुखत नाही म्हणून दिसत नाही, दिसत नाही म्हणून चिघळते, आणि गोष्ट पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते. आईची जखम वेळेत सापडली. भरायला पाच आठवडे लागले. आता तिच्याकडे मऊ तळव्याच्या चपला आहेत, घरातही घालायच्या. आणि रोज रात्री मी तिची पावलं टॉर्च लावून बघते. आधी तिला संकोच वाटायचा. “आईचे पाय काय बघायचे!” आता स्वतःच सोफ्यावर पाय पसरते आणि टीव्हीचा आवाज कमी करते.

माझं आजचं वजन शहात्तर. एचबीएवनसी ५.६. डॉक्टरांनी नुसत्या वजनावर खूश व्हायला मनाई केली आहे, कारण चरबीबरोबर स्नायूही जातात. म्हणून डाळ, अंडी, पनीर मोजून खायचं आणि आठवड्यातून तीनदा डंबेल्स. यंदा जिममध्ये माझी हजेरी आहे, हो!

पुढचं? औषध बंद केलं तर काय, हा प्रश्न उशाशी असतोच. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या अभ्यासात, औषध थांबवल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे कॅन्टीनवाला गावाला गेलाय, नोकरी सोडून गेलेला नाही. कदाचित बराच काळ घ्यावं लागेल, आईच्या इन्सुलिनसारखं. पूर्वी या विचाराने मला कमीपणा वाटायचा. आता वाटत नाही.

ऑफिसमध्येही मी ‘रोज चालते’ म्हणणं सोडलं. मग आमच्या टीममधली एक जण हळूच येऊन म्हणाली, “नाव सांग ना. लग्नाआधी पाच किलो घालवायचेत.” तिला मी नाव नाही, डॉक्टरांचा नंबर दिला. वर पाऊण तासाच्या प्रश्नांची कल्पनाही दिली. ती जरा नाराज झाली. होऊ दे.

श्रीखंडाचा डबा आता श्रीखंडासाठी मोकळा झालाय. माझ्या बाटल्या आईच्याच कप्प्यात असतात. डाव्या बाजूला ती, उजव्या बाजूला मी. रविवारी सकाळी आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून टोचून घेतो. सुई धरायची तिला बारा वर्षांची सवय, त्यामुळे सूचना तिच्या. “अगं, मागच्या वेळी डावीकडे घेतलंस ना? आज उजवीकडे.”

आणि शनिवारी मी एक कचोरी आणते. एकच. मी अर्धी खाते, आई पाव. उरलेला पाव भाग बशीत तसाच राहतो. त्याबद्दल आम्ही दोघी काही बोलत नाही. बाबांबद्दल मात्र आता बोलतो.