धुळीचा एक कण

घरातील जुन्या लाकडी वस्तूला आपल्या हाताने झळाळी आणण्याचा मोह आपणांसही कधी ना कधी झाला असेल. गेल्या उन्हाळ्यात मी वडिलांच्या सागवानी मेजाला व्हार्निश केले. अखेरचा हात देऊन रात्री समाधानाने झोपलो. सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिले, तर पृष्ठभागावर धुळीचे कण बसलेले. बोट फिरवताच ते खसखशीसारखे लागले.

मला धीर धरवला नाही. खिडक्या बंद ठेवूनच मी कोरड्या पॉलिश पेपरने घासू लागलो. व्हार्निश पुरते वाळलेले नव्हते. कण निघण्याऐवजी ओरखडे उमटले. ते घालवण्यासाठी आणखी जोर लावला, तेव्हा खालचे लाकूड उघडे पडले आणि भुकटी खोलीभर पसरली. थोड्याच वेळात शेजारच्या खोलीतून पत्नीचा खोकला ऐकू आला. तिला दमा आहे. मेजाच्या चकाकीपायी मला त्याचा विसर पडला होता. इनहेलर घेऊन तिचा श्वास पूर्ववत होईपर्यंतची ती काही मिनिटे मला फार दीर्घ वाटली.

तेव्हा उमगले, की व्हार्निशमध्ये रुतलेला कण कोणाचेही काही बिघडवीत नाही. तो घालवण्यासाठी आपण हवेत उधळलेली धूळ मात्र श्वासावाटे शरीरात शिरते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुशाची गणना मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केली आहे. हा धोका मुख्यत्वे वर्षानुवर्षे त्या भुशात काम करणाऱ्यांना असला, तरी दमेकऱ्याला थोडी धूळही पुरते.

आपण हे काम कराल, तेव्हा आधी व्हार्निश पूर्ण वाळू द्यावे. तेलयुक्त व्हार्निशला दोन-तीन दिवस सहज लागतात. मग ४०० किंवा ६०० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा. ओलाव्यामुळे भुकटी उडत नाही. ओल्या फडक्याने पुसून, मेज वाळल्यावर अगदी पातळ हात द्यावा. त्यापूर्वी फरशी ओल्या फडक्याने पुसावी, पंखा बंद ठेवावा. खिडक्या मात्र उघड्या असाव्यात. एन-९५ मास्क धूळ अडवतो, व्हार्निशची वाफ नव्हे. म्हणून दमेकरी, गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना वास जाईपर्यंत त्या खोलीपासून दूर ठेवावे. तेलाने माखलेली फडकी बोळा करून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. घराबाहेर पसरून वाळवावीत.

पुढच्या खेपेस पत्नी माहेरी गेली असतानाच मी काम उरकले. मेज आता नितळ झाले आहे. एका कोपऱ्यात एक कण तेवढा राहिला आहे. तिचा चहाचा कप रोज नेमका त्यावरच असतो.