बिचारा राउटर

घराच्या कोपऱ्यात मुकाट्याने दिवे मिचकावणारा राउटर एरवी कोणाच्या खिजगणतीत नसतो. परंतु संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडेनासे झाले, की साऱ्या घराचा रोष प्रथम त्याच्यावरच कोसळतो. कोणी त्याला थापटतो, तर कोणी दहादा चालू-बंद करतो. अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असला, तर मग विचारूच नका!

वास्तविक ही वाट अनेक टप्प्यांची असते : संगणकापासून राउटरपर्यंत, तेथून सेवा पुरवणाऱ्या कंपनीपर्यंत आणि मग दूरदेशीच्या यंत्रापर्यंत. शहाणा मनुष्य एकेक टप्पा पारखतो. १९८३ साली माइक मूस या अमेरिकन संशोधकाने ‘पिंग’ नावाची लहानशी आज्ञावली लिहिली. ती पलीकडच्या यंत्राला जणू हाक मारते. ‘ओ’ आली, की तिथवरचा रस्ता धड आहे असे समजावे.

पुष्कळ घरी राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असा असतो. त्याने ओ दिली, बाहेरच्या ८.८.८.८ या यंत्रानेही दिली, तरी संकेतस्थळ उघडत नाही. मग दोष कोठे? बहुधा ‘डीएनएस’मध्ये! संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सांगणारी ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ सालीच आखली. रस्ता शाबूत आहे. केवळ पत्ता सांगणारा गप्प आहे. राउटरमध्ये दुसरा पत्ता सांगणारा नेमून दिला, की अडलेले काम पुष्कळदा सुरळीत होते.

जो हाकेला ओ देतो, त्यालाच आपण उतावळेपणाने दोषी ठरवतो. हे केवळ यंत्रांच्याच बाबतीत घडते काय?