स्माइलची चावी मॅनेजरकडे!

पावसाळा सरताना वीकेंडला गाडी साताऱ्याकडे वळतेच. कासची फुलं, कंदी पेढे, मग पेठ नाक्यावरून सांगली नि भडंग! आपला वीकेंड म्हणजे हॉटेलातल्या पोरांना डबल लोड. तरी काही ठिकाणी वेटरचं स्माइल अगदी मनापासूनचं. का? कारण तिथला मॅनेजर गर्दीत स्वतः ट्रे उचलतो, चुकलं तर गिऱ्हाइकासमोर झापत नाही.

२०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला सलग २४ तास सुट्टी आहे, ओव्हरटाइमला दुप्पट पगार आहे. पण सीझनमध्ये सुट्टी मिळणार की नाही, हे ड्यूटी लावणाऱ्याच्या हातात. ती सारखी बुडाली, की पोरं दुसरं हॉटेल बघतात.

पुढच्या ट्रिपला मेन्यूकार्ड उघडण्याआधी मॅनेजर वेटरशी कसा बोलतो, ते ऐका. सर्व्हिस कशी असेल, तिथंच कळतं!