गुणसूत्रांचे दप्तर

‘गुणसूत्र’ हा शब्द भोपाळकरांच्या कानी पाठ्यपुस्तकापेक्षा निराळ्या वाटेने आला. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर वायुपीडितांच्या रक्तपेशींतील गुणसूत्रे तपासली गेली, आणि तेव्हापासून ही अदृश्य वस्तू आम्हांस परकी राहिली नाही. ती मुळात घडी घालून ठेवलेली असते कशी, याचे कुतूहल मात्र आम्हांस सेवानिवृत्तीनंतरच लागले.

मानवी पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए असतो. ज्या केंद्रकात तो मावतो, त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. हा धागा हिस्टोन नामक प्रथिनांभोवती सुमारे पावणेदोन वेढे घेतो व ११ नॅनोमीटर रुंदीच्या मण्यांची माळ तयार होते. येथवर वाद नाही. ही माळ पुढे ३० नॅनोमीटर जाडीच्या सुबक पिळात गुंडाळली जाते, असे केंब्रिजच्या जॉन फिंच आणि अ‍ॅरन क्लुग यांनी १९७६ साली मांडले. क्ष-किरणांची साक्षही अनुकूल होती. हे किरण पदार्थातून जाताना विखुरतात आणि त्या प्रकीर्णनावरून आत कोणते अंतर पुनःपुन्हा येते ते समजते. गुणसूत्रांतून ३० नॅनोमीटरची खूण उमटत असे. ज्याची हयात फायली लावण्यात गेली, त्याला असली शिस्त आवडावी यात नवल ते काय!

२०१२ साली जपानच्या काझुहिरो माएशिमा व सहकाऱ्यांनी विभाजनाच्या अवस्थेतील मानवी गुणसूत्रे स्प्रिंग-८ या सिंक्रोट्रॉनवर तपासली. (तसे यंत्र आपल्या इंदुरासही आहे, ‘इंडस-२’, त्याचा परीघ सुमारे १७२ मीटर, स्प्रिंग-८ चा १,४३६.) त्यांनाही ३० ची खूण मिळाली. परंतु गुणसूत्रांना बाहेरून चिकटलेले रायबोसोम, म्हणजे प्रथिने घडविणारे कण, धुऊन काढताच ती नाहीशी झाली; ६ व ११ च्या खुणा तेवढ्या उरल्या. प्रकीर्णन अंतर सांगते. ते अंतर कोणाचे, हे सांगत नाही. शिस्त आढळली ती दप्तराची नव्हे, वर बसलेल्या धुळीची!

माळ आत अनियमितपणेच दुमडलेली असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आम्हांस तो पटतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधलेले असत. आपणांपैकी काहींच्या माळ्यावरही मोडी कागदांचे तसे रुमाल असतील. रुमाल फार करकचून आवळला, तर हवा तो कागद वेळेवर हाती लागत नाही. पेशीलाही आपले कागद नित्य काढावे लागतात, आणि सैल दुमडीतून ते काढणे सोपे जात असावे.

कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींत मात्र ३० नॅनोमीटरचा धागा खरोखरच आढळला आहे. त्या पेशींतील बहुतेक जनुकांचे कामकाज बंद झालेले असते.