पडद्याचे आजार आणि प्रतिकारशक्तीचा आवर

डोळ्याच्या आतल्या पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, सूज परवडत नाही. कातडीवर गळू आले, फुटले, भरून निघाले, तर मागे फार तर एक व्रण उरतो. दृष्टिपटल मात्र जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचे, आणि त्यातल्या प्रकाशग्राही पेशी मेल्या की माणसात त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. जंतूंना मारण्यासाठी जी सूज शरीर इतरत्र बिनदिक्कत वापरते, ती इथे आंधळेपण आणू शकते. त्यामुळे डोळ्यात प्रतिकारशक्तीला कायम आवर घातलेला असतो. तो कोण घालतो आणि कधी सुटतो, याचा शोध घेणे हे या क्षेत्रातल्या संशोधकाचे काम.

१९४८ मध्ये पीटर मेडावर यांनी सशाच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात दुसऱ्या सशाच्या त्वचेचा तुकडा ठेवला. एरवी शरीर असा तुकडा नाकारते; डोळ्यात तो रक्तवाहिन्या शिरेपर्यंत तगून राहू शकत होता. डोळा प्रतिकारसंस्थेच्या नजरेआड असतो, असा याचा अर्थ बरीच वर्षे लावला गेला. तो अर्धाच खरा ठरला. डोळ्यातल्या द्रवात टीजीएफ-बीटासारखी, पेशींना शांत करणारी द्रव्ये असतात. १९९५ मध्ये असे दिसले की डोळ्याच्या पेशींवरचे फॅस लिगँड नावाचे प्रथिन आत शिरलेल्या दाहक पेशींना मरणाकडे ढकलते. डोळा नुसता लपलेला नाही. तो स्वतःचा बचाव करतो.

बचावाची पहिली फळी डोळ्यापासून दूर, छातीतल्या थायमस ग्रंथीत असते. तिथे टी-पेशींसमोर, म्हणजे प्रतिकारसंस्थेच्या हल्लेखोर पेशींसमोर, शरीराचीच प्रथिने मांडली जातात आणि त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या बहुतेक पेशी बाद होतात. दृष्टिपटलातले आयआरबीपी हे प्रथिनही तिथे थोड्या प्रमाणात तयार होते, आणि त्यासाठी एअर नावाचे जनुक लागते. हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांमध्ये दृष्टिपटलावर आपोआप हल्ला होतो, असे २००६ मध्ये दाखवले गेले. तरीही निरोगी माणसात अशा थोड्या टी-पेशी सुटून राहतातच. एरवी त्या निष्क्रिय असतात.

त्या जाग्या झाल्या तर काय होते, याचे जुने उदाहरण लुई ब्रेल यांचे. १८१२ मध्ये, तीन वर्षांचे असताना, फ्रान्समधल्या कूव्रे गावी वडिलांच्या खोगिराच्या कारखान्यात त्यांच्या एका डोळ्यात हत्यार घुसले. पुढे न दुखावलेला डोळाही गेला. जखमी डोळ्यातली प्रथिने प्रतिकारसंस्थेसमोर उघडी पडली आणि तिने दुसऱ्या डोळ्यावर हल्ला चढवला, असे निदान आज बहुतेक तज्ज्ञ करतात.

हा आजार प्रयोगशाळेत घडवण्याची रीत अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमध्ये रेचल कॅस्पी आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये उंदरांवर बसवली. आयआरबीपी किंवा त्याचा छोटा तुकडा खनिज तेल आणि क्षयाचे मारलेले जंतू यांच्यासह घोटतात. मिश्रण श्रीखंडाइतके घट्ट व्हावे लागते. झाले की नाही हे पाण्यावर एक थेंब टाकून कळते: थेंब गोल राहिला तर जमले, पसरला तर पुन्हा घोटायचे. पसरणारे मिश्रण टोचले तर आजार कधी येतो, कधी येत नाही, आणि सगळा प्रयोग वाया जातो. काही जातींच्या उंदरांना सोबत डांग्या खोकल्याच्या जंतूचे विषही टोचावे लागते. साधारण दोन आठवड्यांत पडद्यावर पांढरट डाग आणि सुजलेल्या रक्तवाहिन्या दिसू लागतात.

मग गुण द्यायचे असतात, शून्य ते चार. डोळा प्लास्टिकसारख्या माध्यमात घट्ट बसवून पातळ काप घेतात. प्रकाशग्राही पेशींचा थर कुठे दुमडला, कुठे नाहीसा झाला, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. कोणती स्लाइड औषध दिलेल्या उंदराची, हे गुण देणाऱ्याला ठाऊक नसावे लागते. त्याहून अवघड म्हणजे डाग ओळखणे. संशोधनात सर्रास वापरल्या जाणाऱ्या सी५७बीएल/६एन उंदरांत आरडी८ नावाचा जनुकीय दोष आहे, आणि त्यामुळे पडद्यावर जन्मजात ठिपके येतात, हे २०१२ मध्ये उघड झाले. ते सुजेचे डाग समजले जाण्याचा धोका होता. आता अशा प्रयोगाआधी उंदरांची जनुकीय चाचणी करणे गरजेचे मानले जाते.

निष्क्रिय टी-पेशी जाग्या कुठे होतात, याचे एक अनपेक्षित उत्तर २०१५ मध्ये त्याच संस्थेतून आले. ज्या उंदरांच्या अनेक टी-पेशी आयआरबीपी ओळखतात आणि ज्यांना आजार आपोआप होतो, अशांना प्रतिजैविके देऊन आतड्यातले जंतू कमी केले. आजार उशिरा आला आणि सौम्य राहिला. आतड्यातल्या जंतूंचा अर्क या टी-पेशींना चेतवत होता. जाग्या झालेल्या पेशीच रक्त आणि दृष्टिपटल यांच्यामधली भिंत सहज ओलांडतात.

उतारवयात होणाऱ्या मॅक्युलाच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या, ऱ्हासात गोष्ट वेगळी. इथे टी-पेशींपेक्षा कॉम्प्लिमेंट या प्रथिनसाखळीचा हात मोठा. तिला लगाम घालणाऱ्या फॅक्टर एच प्रथिनात ४०२ क्रमांकाच्या जागी टायरोसिनऐवजी हिस्टिडिन असेल तर धोका बराच वाढतो, हे २००५ मध्ये कळले. उंदराला मॅक्युला नसतो, त्यामुळे हा अभ्यास नेत्रदानातून मिळालेल्या डोळ्यांवर बराच अवलंबून आहे. पारपटल रोपणासाठी काढल्यावर उरलेला डोळा संशोधनाला जाऊ शकतो. मात्र दृष्टिपटल मृत्यूनंतर काही तासांतच बिघडू लागते.

उपचारांतही हाच फरक दिसतो. युव्हिआयटिसवर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या सुजेवर, स्टेरॉइड चालतात, पण दीर्घकाळ घेतल्यास मोतीबिंदू आणि काचबिंदू ओढवू शकतात. २०१६ मध्ये अमेरिकेत युव्हिआयटिससाठी अडॅलिमुमॅब या औषधाला मान्यता मिळाली आणि स्टेरॉइड कमी करता येऊ लागले. उंदरांवरच्या प्रयोगांनी इंटरल्युकिन-१७ कडे बोट दाखवले होते. त्याला अडवणाऱ्या सेक्युकिनुमॅबच्या त्वचेखालच्या इंजेक्शनांनी मात्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत मुख्य उद्दिष्ट गाठले नाही. कॉम्प्लिमेंट रोखणारी दोन औषधे २०२३ मध्ये अमेरिकेत आली. ती ऱ्हासाचा वेग कमी करतात, गेलेली दृष्टी परत आणत नाहीत. प्रतिकारशक्ती सरसकट दाबली की शरीर जंतूंपुढे उघडे पडते. त्यामुळे आता प्रयत्न आहे तो सुटलेली नेमकी कडी शोधून तिथेच आवर घालण्याचा, आणि तोही पेशी मरण्याआधी.