सुताराचा पुत्र आणि सुतार

जुन्या बुलेट मोटारसायकलीचा गिअर बॉक्स जोडणे हा धर्मगुरूच्या नित्यकर्मातील विषय नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही गेल्या पावसाळ्यात पावस येथील एका लहानशा गॅरेजमध्ये आम्ही तीन दिवस जे पाहिले, ते आमच्या वाचक कुटुंबांपुढे ठेवावेसे वाटते. त्याचा संबंध मोटारसायकलीपेक्षा आपल्या घरांतील मुलांशी अधिक आहे.

बुलेट हे नाव इंग्लंडमधील रेडिच गावच्या रॉयल एन्फील्ड कारखान्याने 1932 साली प्रथम वापरले. 1955 साली मद्रासमध्ये एन्फील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, तरी ही गाडी आपल्या देशात तयार होतच राहिली. कोकणच्या चढउतारांवर अनेक मिशनरी धर्मगुरूंनी तिच्यावरून दूरदूरच्या वाड्या गाठल्या आहेत. आमच्याकडची 350 सीसीची गाडीही अशीच, आमच्या आधीच्या धर्मगुरूंकडून वारशाने आलेली. अलीकडे दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढत असता तिचा गिअर आपोआप सुटू लागला होता. घाटात असे होणे धोक्याचे. म्हणून टेम्पोत घालून, भाट्याच्या पुलावरून आम्ही ती पावसला नेली.

पावस म्हटले की स्वामी स्वरूपानंदांचे समाधिमंदिर आठवते. तिथल्या रस्त्यालगत एका वृद्ध मिस्त्रींचे पत्र्याचे गॅरेज आहे. जुन्या बुलेटचे जाणकार म्हणून त्यांचा आसपास लौकिक. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या हाताची पकड गेली. आता हत्यार धरतो तो त्यांचा नातू. वय एकोणीस. वडील मुंबईला नोकरीस. गणपतीनंतर मुलानेही तिकडे यावे, असा त्यांचा आग्रह. आम्ही पोहोचलो तेव्हा घरात हाच वाद चालू होता. मिस्त्री मात्र त्यात एक शब्दही बोलत नव्हते.

बर्मिंगहॅमच्या आल्बियन कंपनीच्या आराखड्यावर बेतलेल्या या जुन्या गिअर बॉक्सला चार गिअर. आत दोन शाफ्ट एकमेकांना समांतर बसलेले. मुख्य शाफ्ट पोकळ असून त्यातून क्लचची दांडी आरपार जाते. चक्रांच्या जोड्या एकमेकींत गुंतून फिरत असतात. गिअर बदलला की फोर्क सरकत्या चक्रांना बाजूला ढकलतो आणि त्यांच्या अंगावरचे दाते शेजारच्या चक्रात अडकून त्यास शाफ्टशी बांधतात. आमच्या गाडीत या दात्यांचे कोपरे झिजून गोल झाले होते. कोपरा गोल झाला की जोर पडताच पकड सुटते. चौथ्या गिअरमध्ये मात्र मुख्य शाफ्टचा फेरा थेट चेनच्या चक्राला मिळतो, म्हणून सपाटीवर गाडी निर्दोष वाटे.

नवी चक्रे कोल्हापूरहून आली. सुटे भाग डिझेलमध्ये धुऊन जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडले होते. पाने सगळे इंची मापाचे. मिस्त्री अजून सुतातच बोलत, आठ सूत म्हणजे एक इंच. खरी कसोटी पुढे होती. दोन्ही शाफ्टवरील सरकती चक्रे एकाच फोर्कच्या कचाट्यात धरून सारा जुडगा एकदम आत सरकवावा लागतो. दोन हात अपुरे पडतात. आम्ही विजेरी धरून उभे होतो आणि मिस्त्री खुर्चीवरून सांगत होते, "घाई नको. ढकलू नको. तो आपणहून जाईल तेवढाच जाऊ दे."

संध्याकाळी आतले झाकण बसले, नट आवळले गेले. मुलाने शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. तो फिरला, पण जड. "चालवली की मोकळा होईल," मुलगा म्हणाला. मिस्त्रींनी डोळे मिटून, "परत एकदा फिरव," म्हटले आणि कान दिला. मग म्हणाले, "उघड."

मुलाच्या चेहऱ्यावर राग स्पष्ट दिसत होता. दिवसभराचे काम वाया गेल्यासारखे त्याला वाटले असावे. आजोबांना दोष कुठे आहे हे बहुधा ठाऊक होते. पण त्यांनी ते सांगितले नाही. काठी घेऊन ते उठले आणि आम्हांला म्हणाले, "चला फादर, समोर चहा घेऊ." आम्ही गेलो. पाऊस कोसळत होता. चहाच्या टपरीतून गॅरेजमधला दिवा दिसत होता, पण त्यांनी एकदाही तिकडे वळून पाहिले नाही. दुसरा चहाही त्यांनीच मागवला.

परतलो तेव्हा मुलाच्या तळहातावर एक पातळ वॉशर होता. शाफ्टच्या टोकाशी तो तिरका बसला होता. ग्रीस लावून त्याने तो पुन्हा बसवला, झाकण लावले. या वेळी शाफ्ट एका बोटाने फिरला. चारही गिअर लागले. टाचेने दाबायच्या त्या छोट्या पट्टीने चौथ्यावरून एकदम न्यूट्रलही मिळाले. जुन्या बुलेटची ही खास सोय. मिस्त्रींनी शाबासकी दिली नाही. "उद्या बाहेरचे झाकण," इतकेच म्हणाले आणि दिवा मालवला.

त्या रात्री आम्हांला शुभवर्तमानातील दोन ठिकाणे आठवली. मत्तयच्या तेराव्या अध्यायात नासरेथचे लोक येशूला सुताराचा पुत्र म्हणतात. मार्कच्या सहाव्या अध्यायात तेच लोक त्यास सुतार म्हणतात. या दोन शब्दांमधल्या अंतरात नासरेथच्या त्या कार्यशाळेतील वर्षे दडली आहेत, असे आम्हांला वाटले. संत योसेफाचा एकही शब्द शुभवर्तमानात नोंदलेला नाही. तरी एखाद्या दिवशी रंधा मुलाच्या हाती देऊन तोही अंगणात गेला असेल आणि मागे वळून पाहण्याचा मोह त्यानेही आवरला असेल. पोप बारावे पायस यांनी 1955 साली 1 मे हा दिवस श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून ठरविला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 च्या आपल्या श्रमविषयक परिपत्रकात श्रमाचे मोल निर्माण झालेल्या वस्तूवरून नव्हे, तर तो करणाऱ्या माणसावरून ठरते, असे प्रतिपादिले. पावसच्या त्या दोन कप चहांत आम्हांला त्या शिकवणीचा अर्थ उमगला. त्या वेळी गिअर बॉक्स दुय्यम होता; घडत होता तो मुलगा.

आपल्या घरांत आपण मुलांना प्रार्थना शिकवतो, मिस्साला नेतो, धर्मशिक्षणाच्या वर्गाला धाडतो. पण श्रद्धेचे काम त्यांच्या हाती देऊन थोडा वेळ बाहेर थांबणे आपल्याला जमते काय? संध्याकाळची रोझरी मुलाने सांगावी आणि वडिलांनी मागून म्हणावी, असे किती घरांत घडते? मूल अडखळले की आपण लगेच वॉशर कुठे आहे ते सांगून मोकळे होतो. मग तेच मूल शहरात एकटे पडते, तेव्हा शाफ्ट जड का फिरतो, हे त्याला ऐकू येत नाही.

मुलगा गणपतीनंतर मुंबईस गेला. मिस्त्रींनी त्यास अडविले नाही. जाण्याच्या आदल्या रात्री त्यांनी इंची पान्यांचा संच ग्रीस लावून, फडक्यात गुंडाळून त्याच्या पिशवीत ठेवला, असे त्यांच्या सुनेने आम्हांला सांगितले. मुंबईत तो त्यांचा उपयोग करील की नाही, कोण जाणे. गॅरेज आठवड्यातून दोन दिवसच उघडते. आमची गाडी मात्र दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढते आणि चढावर आम्ही त्या मुलासाठी एक प्रणाम मरिया म्हणतो.