पानं मऊ पडली तेव्हा

ऑर्किडचं पान मऊ पडलं की बहुतेक जण एकच सांगतात, पाणी कमी कर. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. पान मऊ पडण्याचे निदान दोन प्रकार असतात. एकात पान सुरकुततं, ढिलं पडून लोंबतं, पण रंगाने बहुधा हिरवंच राहतं. ते तहानलेलं असतं. दुसऱ्यात पानावर पाणी भरल्यासारखा ओलसर डाग पडतो, तो तपकिरी होत पसरतो, बोट लावलं तर आत रुततं आणि घाण वास येतो. ही कूज. सुरकुतलेलं पान आठवडाभर थांबू शकतं, कूज दोन दिवसही थांबत नाही.

आमच्या फोंड्याच्या फ्लॅटमध्ये जुलैत हा दुसरा प्रकार झाला. झाड आजीचं. दादाने पहिल्या पगारातून तिला आणून दिलेलं, जांभळ्या फुलांचं फॅलेनॉप्सिस. आजी 84 वर्षांची. गावचं कुळागर सुटलं आणि गुडघ्यांमुळे जिना उतरणंही बंद झालं. आता बाल्कनीतली तुळस आणि हे ऑर्किड एवढीच तिची बागायत. सकाळी पूजा झाली की तांब्या घेऊन आधी तुळशीला पाणी, मग ऑर्किडला, तेही वरून, थेट पानांच्या मधोमध.

डाग दिसल्यावर बाबा म्हणाले, "टाकून दे, दुसरं आणू." आई म्हणाली, "आजीला सांग, यापुढे त्याला हात लावू नका म्हणून." मला दोन्ही पटेना. झाड टाकलं असतं तर आजी काहीच बोलली नसती, आणि मला तेच नको होतं.

आधी डागाच्या कडेने मार्करने रेघ मारली. ही युक्ती फार सोपी आणि खात्रीची. उन्हाने भाजलेला डाग असेल तर तो रेघेच्या आतच वाळतो. आमचा दुसऱ्या दिवशी बोटभर पुढे गेला होता. म्हणजे जिवाणूंची कूज. मग मधलं कोवळं पान हलकेच ओढून पाहिलं. ते घट्ट होतं. फॅलेनॉप्सिसला वाढीचा शेंडा एकच असतो. तो कुजला तर त्या खोडाला नवं पान येत नाही. बुडाशी एखादा फुटवा आला तर नशीब समजायचं.

कापायचं ठरलं तेव्हा तिन्हीसांज झाली होती. आजी म्हणाली, "दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नये." मी सकाळपर्यंत थांबले. उजेडात डागाची कड नीट दिसते, शिवाय कापलेली जागा दिवसा लवकर सुकते. ब्लेड गॅसवर तापवून गार केलं आणि डागाच्या पुढे दीड-दोन इंच निरोगी भागासकट पान उडवलं. प्रत्येक काप घेण्याआधी ब्लेड पुन्हा तापवायचं, नाहीतर आपणच रोग पुढच्या पानावर नेतो. दोन पानं गेली, तीन राहिली. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली. ती पानाला चालते, मुळांना लावू नये, मुळं सुकतात. काकांनी सुपारीच्या कोळेरोगावर फवारतात ते बोर्डो मिश्रण पाठवतो म्हटलं. मोरचूद आणि चुन्याचा तो उपाय कुळागरात उत्तम, पण तांब्याच्या औषधाने ऑर्किडची कोवळी वाढ कधीकधी करपते. मी नको म्हटलं.

खरी गोष्ट कुंडीत होती. बाहेरची चिनी मातीची कुंडी बिनभोकाची, तळाला पाणी साचलेलं. आतल्या मुळांभोवती नर्सरीने बांधलेला शेवाळाचा गोळा, पिळला तर पाणी गळेल असा. मुळं एकेक चिमटीत धरून पाहिली. जिवंत मूळ टणक लागतं. कुजलेल्याची साल हातात निघून येते आणि आत नुसता दोरा राहतो. चार मुळं टणक निघाली, बाकीची कापली. मग नारळाच्या सोडणांचे तुकडे दोन-तीन पाण्यांतून भिजवून, धुऊन घेतले, त्यात कोळसा मिसळला आणि भोकं असलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या कुंडीत झाड बसवलं.

आता आजीला सांगायचं राहिलं होतं. पाणी वरून नको म्हटल्यावर ती हसली. "अगो, गावच्या आंब्यावर सीतेची वेणी होती ना? ती काय पावसात छत्री घेऊन असायची?"

प्रश्न बिनतोड होता. सीतेची वेणी हेही ऑर्किडच, आणि पावसाळाभर भिजूनही ती कुजत नाही. मी तिला विचारलं, ती वेणी फांदीवर उभी असते की लोंबते? "लोंबते," आजी म्हणाली, आणि जरा थांबून स्वतःच म्हणाली, "म्हणजे पाणी राहत नाही तिच्यात." फॅलेनॉप्सिससुद्धा रानात झाडाच्या बुंध्यावर असंच कलून वाढतं. पाऊस पडतो आणि ओघळून जातो, मुळं उघड्यावर असतात, वारा सुकवतो. आपण त्याला कुंडीत सरळ उभं करतो, मग पानांच्या बेचक्यात पाण्याचा पेला तयार होतो. झाडाला पाणी बाधत नाही, रात्रभर साचून राहिलेलं पाणी बाधतं.

तेव्हापासून पाण्याचा निर्णय आजीच घेते. पारदर्शक कुंडीतून मुळं दिसतात. रुपेरी असली तर पाणी, हिरवी असली तर नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिची नजर माझ्याहून बरी आहे. सोडणांवर पाणी घालते, चुकून थेंब मधे पडला तर कागदी रुमालाच्या टोकाने टिपते. पावसाळी दिवसांत पंखा लावायला मला हाक मारते. "हिरवी आहेत, आज उपास," असं रोज चहाच्या वेळी जाहीर होतं.

दोन महिने झाले. एक नवं मूळ आलंय, टोकाला पोपटी. फूल लगेच येणार नाही, आधी पानं वाढायला हवीत. गेल्या आठवड्यात सगळ्यात खालचं पान पिवळं पडलं. आजीने लगेच मार्कर मागितला आणि रेघ मारली. पान कोरडं आहे, वास नाही, पिवळेपणा सारखा पसरतोय. म्हातारं पान आहे, ते आपोआप गळेल, म्हणून आम्ही ब्लेड बाहेर काढलेलं नाही. आजी मात्र रोज सकाळी वास घेऊन बघते.